आजारपणाचा पैरा

गेल्या गणपतीची शिल्लक एका आजारी पोराच्या घरी द्यायची की नाही, यावरून बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत पंधरा दिवस वाजलंय. पोरगा सव्वीस वर्षांचा, मागावर कामाला, दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एका बाजूचं म्हणणं, वर्गणी देवाच्या नावानं गोळा झाली, ती देवालाच लागली पाहिजे. आणि दवाखान्यासाठी सरकारनं कार्ड दिलंय की. दुसरी बाजू म्हणते, डॉल्बीला लाख मोजताना देव आठवला नाही, आता बरा आठवला. तिसरी बाजू उशिरा बोलते, पण बोलली की सभा तिच्या हातात जाते: महाराष्ट्रानं सीमाभागाला आरोग्य योजना देऊ केली होती, ती इथं चालू दिली नाही, म्हणून ही वेळ आली. टाळ्या पडतात, चहा येतो, बैठक पुढच्या गुरुवारवर जाते.

तिन्ही बाजूंची माणसं माझी जवळची आहेत, पण तिघंही नको तिथं खणताहेत. सगळ्यांचं भांडण बिलावर. बिलाची सोय अपुरी का होईना, आज आहे. सोय नाही ती बिल भागवून माणूस घरी आल्यानंतरच्या दिवसांची. ते दिवस कुठल्याच कार्डात बसत नाहीत, घरं बुडतात ती त्याच दिवसांत, आणि ते निभावून नेणं हे गल्लीचं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ते दयेवर आणि मोबाइलवरच्या आवाहनांवर सोडता कामा नये. त्याची रीतसर वही पाहिजे, जशी लग्नातल्या आहेराची असते.

वहीचा हा आग्रह माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातून आलाय, हे आधीच कबूल करतो. सत्तावीस वर्षं मी शहापुरातल्या एका पतसंस्थेत बसतो. रोजमेळ, खतावणी, थकबाकीची यादी, यापलीकडं जग फारसं पाहिलेलं नाही. पण काउंटरच्या आतून एक गोष्ट दिसते ती बाहेरून दिसत नाही. चांगला कर्जदार थकला की नवे साहेब विचारतात, धंदा बसला काय? रोज दारोदार फिरून बचत गोळा करणारा जुना पिग्मी एजंट विचारतो, घरात कोण पडलंय? बहुतेक वेळा एजंटाचंच खरं निघतं. रोज वीस रुपये देणारी बाई चार दिवस ओळीनं ‘उद्या या’ म्हणाली की समजायचं, दवाखाना लागलाय. आधी पिग्मी थांबते, मग भिशी मोडते, मग कानातलं गहाण पडतं, मग जामीनदाराच्या घरी नोटीस जाते. जामीनदार बहुधा मेहुणा असतो किंवा शेजारी. नोटीस गेली की येणंजाणं बंद होतं, म्हणजे ज्या वेळी माणूस हवा त्याच वेळी माणूस तुटतो. यात दवाखान्याच्या बिलाचा वाटा किती आणि बुडालेल्या मजुरीचा किती, हे एकदा कुणीतरी नीट मांडायला हवं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. आजारपणाची जबाबदारी सरकारची. गल्लीनं झोळी फिरवायला घेतली की सरकार हात झटकून मोकळं होणार. यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. कॅन्सर, बायपास, डायलिसिस हे गल्लीच्या ताकदीतले आजारच नव्हेत. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या (बीपीएल) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. त्या रेषेवरच्या (एपीएल) कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, तेही दीड लाखापर्यंत. देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. एवढी घसरण कुणाच्या झोळीनं झालेली नाही. तेव्हा सरकारी दवाखाना जाऊ द्या, मंडळं बघून घेतील, असं सांगणाऱ्याच्या पंक्तीला मी बसणार नाही. पण त्या लेख्यात मजुरी कुठं मोजतात? रिक्षाचं भाडं, सोबत आलेल्या बायकोचा बुडालेला दिवस, पोरांची चुकलेली शाळा हे कुठल्या रकान्यात जातं?

माझ्या घरचंच सांगतो. २०१९ साली माझ्या थोरल्या भावाला टीबी झाला. दादा पॉवरलूमवर, साडीमागं मजुरी. औषधं फुकट होती, सहा महिन्यांची, आणि गोळ्या वेळेवर जाताहेत का यावर लक्षही होतं. पोषण आहारासाठी महिन्याला ५०० रुपये ठरलेले. हीच रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली. म्हणजे सरकारची जबाबदारी म्हणतात ती पाळली गेली होती. तरी सहाव्या आठवड्यात घर आडवं झालं. रोज अर्धा लिटर दूध सांगितलेलं, तेव्हाच्या भावानं महिन्याचे सहाशे. पाचशे तिथंच संपले. कापसाच्या तुसात बसायचं नाही, म्हणजे मजुरी शून्य. त्यात ऑगस्टचा तो पाऊस, ज्यानं अख्खा जिल्हा पाण्यात घातला. शेजारपाजारचे मागही बंद. आणि या सगळ्यावर वहिनीनं संघातून काढलेलं तीस हजारांचं कर्ज. हप्ता दर मंगळवारी.

संघ म्हणजे मायक्रो फायनान्सच्या कंपनीनं बांधलेला दहा बायकांचा गट. एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या नऊजणींनी भरायचा. सातव्या मंगळवारी वहिनीकडं पैसे नव्हते. वसुलीचा पोरगा सोप्यात बसून राहिला आणि त्याच्याभोवती त्या नऊजणी. रात्रीचे साडेआठ झाले. आत दादा उशी तोंडावर दाबून खोकतोय, बाहेर बायका गप्प. वाईट त्या कुणीच नव्हत्या. प्रत्येकीच्या घरी भाकऱ्या थापायच्या राहिल्या होत्या, एवढंच. शेवटी एकीनं पिशवीतून चिल्लर मोजून काढली आणि उठताना म्हणाली, ‘आज भरले गे, दर मंगळवारी कसं जमतंय?’

तीच बाई पुढच्या मंगळवारी आली ती हातात शंभर पानी वही घेऊन. पोराची जुनी वही. पुढची आठ पानं गणिताची, मग कोरी. त्यात तिनं फूटपट्टीनं आठवडा आखला होता. सोमवार, दूध. मंगळवार, हप्त्यातले शंभर. बुधवार, दवाखान्याला सोबत. गुरुवार, पोरांचा डबा. प्रत्येक वारापुढं एक नाव. बुधवारपुढं होती समोरच्या चाळीतली अक्का, कन्नड बोलणाऱ्या विणकराची बायको. वहिनीला कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही, आणि दवाखान्याचा कागद, रेशनचा कागद, बँकेचा कागद, सगळं कन्नडमध्ये. अक्का सोबत जायची आणि रांगेत उभी राहून कागद वाचून सांगायची. ती वही नंतर मी मुद्दाम मागून घेऊन पाहिली. सहा महिन्यांत अक्काचा एकच बुधवार चुकलाय, आणि तिथं कंसात लिहिलंय, ‘लग्न’.

मी काय केलं होतं? दादाला एकरकमी पाच हजार दिले होते आणि भावाचं कर्तव्य झालं असं धरून चाललो होतो. पाच हजार तीन आठवड्यांत गेले. वही सहा महिने चालली. दादा वाचला तो गोळ्यांनी, यात वाद नाही. पण गोळ्या घेत असताना माग विकावा लागला नाही, पोरगी शाळेतून काढावी लागली नाही, आणि कोर्स अर्धवट टाकून कामावर जावं लागलं नाही, ते त्या वहीमुळं. दूध-भाकरीनं कुठं रोग हटतो म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: झारखंडात टीबीच्या रुग्णांच्या घरी नियमानं धान्य देऊन अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांत घरच्या इतर माणसांनाही धान्य पोचलं, तिथं त्यांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी निघालं. धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ-डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या.

आमच्या आईचं माहेर येळ्ळूरचं. तिथं भाताच्या लावणीला पैरा करायचे. आज तुझ्या वावरात दहा माणसं, परवा माझ्या वावरात तीच दहा. मजुरी नाही आणि उपकारही नाहीत. आज तू आला नाहीस तर परवा तुझ्या बांधावर कोण येणार, एवढाच हिशेब. परतफेडीच्या अशा देण्याघेण्याला कन्नड शेजारी मुय्यी म्हणतात. पैऱ्याला आलेल्या माणसापुढं कुणी हात जोडत नाही, त्याला वेळेवर न्याहारी देतात. आजारपणाला मला तोच न्याय हवाय. पुढं त्या वहीवाल्या बाईचा नवरा स्कूटरवरून पडून पाय मोडून बसला, तेव्हा सोमवारचं दूध वहिनीनं घेतलं. कुणी आभार मानले नाहीत. मानायचे कशाला?

आवाहनाचा प्रकार याच्या बरोबर उलटा. फोटो, नाकात नळी, खाली क्यूआर कोड, आणि ‘कृपया पुढे पाठवा’. मीही पैसे पाठवतो, पाठवणाऱ्यांना नावं ठेवत नाही. अपघातात रात्रीत लाख रुपये उभे करायचे तर दुसरा मार्ग नसतो. पण त्यात आजाऱ्याला आपलं दुखणं बाजारात मांडावं लागतं, आणि बाजारात जे खपतं तेच खपतं. लहान मूल खपतं, गोरी गोमटी नवरी खपते. साठीचा, दम्यानं वाकलेला विणकर खपत नाही. ज्याच्या भाच्याला चार ग्रुप ठाऊक त्याला जास्त मिळतं, ज्याला कुणीच नाही त्याला काहीच नाही, म्हणजे गरज जितकी मोठी तितकी मदत कमी. आणि पैसा येतो तो पहिल्या आठवड्यात, जेव्हा कार्डही चालत असतं, पाहुणेही येत असतात, शहाळ्यांचा ढीग लागलेला असतो. तिसऱ्या महिन्यात फोन वाजत नाही. वाजलाच तर हप्त्याचा.

परत त्या आक्षेपाकडं येतो. गल्लीनं वही घातली तर सरकार हात झटकेल का? आपल्याच मुलखाचा इतिहास वेगळं सांगतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले रोखे ओढून काढले आणि जाळले. सरकार हादरलं, १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, सावकार मात्र जागेवरच राहिला. सुप्याच्या घटनेला तीस वर्षं झाली, तेव्हा १९०५ मध्ये, त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातल्या कणगिनहाळ गावी सिद्दनगौडा पाटलांनी शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी केली. देशातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. सुप्याच्या लोकांनी दुसऱ्याची वही जाळली, कणगिनहाळच्या लोकांनी स्वतःची लिहायला घेतली. टिकलं काय, ते आमच्यासारख्यांच्या पगारावरून दिसतं. १९२५ साली उडुपीकडं हातमाग संकटात आला, तेव्हा विणकरांना भांडवल मिळावं म्हणून तिघांनी एक बँक काढली. तीच पुढं सिंडिकेट बँक झाली. तिघांतले टी. एम. ए. पै पेशानं डॉक्टर होते. १९२८ पासून त्यांची माणसं दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करू लागली. आपल्या बेळगावात सकाळी दुकान उघडायच्या आत दारात उभी राहणारी पिग्मी ती हीच. विणकर, डॉक्टर आणि दोन आणे एकत्र आले की काय होतं, हे आम्हाला वडगावात कुणी नव्यानं शिकवायला नको होतं.

वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं सुगीत घराघरातून ज्वारी घेऊन तिच्यावर गावाचा आरोग्यविमा चालवला. आणि आमच्या कर्नाटकातली यशस्विनी? २००३ साली सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी, महिन्याला ५ रुपयांच्या हिशेबानं सुरू झालेली योजना. सहकाराचं जाळं गावोगाव आधीच विणलेलं होतं म्हणून सरकारला ती त्यावर टाकता आली. २०१८ साली ती गुंडाळून मोठ्या योजनेत घातली, आणि २०२२ साली पुन्हा सुरू करावी लागली; आता ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये. ज्याच्या हातात पावती असते त्याला काय गेलं ते कळतं, आणि विचारायला तोंड असतं. ज्या लोकांनी आपसात कधीच हिशेब ठेवला नाही, ते सरकारला कसला हिशेब विचारणार?

तिसऱ्या बाजूबद्दल लिहिताना हात जरा जड होतो, कारण ते दुखणं माझंही आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात घातलं, त्यानंतर इथल्या मराठी माणसानं काय भोगलं, हे १७ जानेवारीला हुतात्म्यांना वाहिलेली फुलं आणि हिंडलग्याचं स्मारक सांगतं. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा आहे. महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू केली, त्यासाठी २०२३ साली ५४ कोटी ठेवले. कर्नाटकानं आक्षेप घेतला, आणि २०२४ च्या सुरुवातीला बेळगावात अर्ज भरून घेणारी केंद्रं प्रशासनानं बंद केली. ते चूक होतं, असं मी कन्नड मित्रांसमोरही म्हणतो. आजारी माणसाच्या दारात दोन सरकारं मदत घेऊन उभी असतील तर भांडण कसलं? तिसरंही येऊ दे.

पण ही योजना सुरळीत चालली असती, तर डायलिसिसच्या पोराच्या आईचा प्रश्न सुटला असता का? कार्ड महाराष्ट्राचं असो की कर्नाटकाचं, सोबत जायला माणूस लागतोच. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही. आई हुबळीपर्यंत फुकट जाईल, कोल्हापूरला निघाली तर तिकीट काढावं लागणार. हे तिला कोण सांगणार? दोन्ही कार्डांचे दोन्ही भाषांतले कागद कोण भरणार? हद्दीचं म्हणाल तर ती काही आजची नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला दवाखाना उभा केला, तेव्हा मिरज वेगळं संस्थान, आमचं शहापूर सांगलीकरांचं, आणि बेळगाव इंग्रजांचं. शहापूरचा आजारी एका राज्यातून निघून दुसऱ्यात आगगाडीत बसायचा आणि तिसऱ्यात उतरायचा. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय गाडी सोडत नव्हते, तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांना त्यात फार नवल वाटलं नाही. माणूस हद्द ओलांडून बरा होऊन आला तो धरून नेणारं कुणी होतं म्हणून.

शिवाय हा लढा इतकी वर्षं कशावर चालला? गल्लीगल्लीतल्या वर्गणीवर. मोर्चाला कोण, स्वयंपाकाला कोण, कोर्टाच्या तारखेला जामीन राहायला कोण, याच्या याद्या आमच्या बापजाद्यांनी तोंडपाठ ठेवल्या. शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर फिरवण्याचं नियोजन ज्यांना जमतं, त्यांना एका पोराचे आठवड्यातले दोन दिवस लावता येत नाहीत म्हणायचं?

मला खरं अडचणीत टाकलं ते मात्र या कुणीच नाही. आमच्या गल्लीतली एक शाळामास्तरीण गेल्या बैठकीत उठली आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही गल्ली गल्ली म्हणताय, ती कुणाची? मागच्या चाळीतले भाडेकरू त्यात धरलेत काय?’ मी गप्प झालो.

कारण तिचं म्हणणं खरं आहे. गल्ली, गाव, समाज हे शब्द ऐकायला उबदार, पण त्यात कोण आत आणि कोण बाहेर हे जातीनं, भाषेनं, घरपट्टीच्या पावतीनं ठरत आलंय. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रुग्णांच्या सेवेला धावल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. ज्यांना उचलायला गावकी पुढं येत नव्हती, त्यांच्यासाठी त्या धावत होत्या. दादाच्या टीबीतसुद्धा गल्लीनं दूध दिलं तसं त्याचं पेलाताट वेगळंही काढलं, हे मी लपवणार नाही. आणि सोप्यात ठाण मांडून बसलेल्या त्या नऊ बायका? तीही एकजूटच होती, फक्त कंपनीनं वसुलीसाठी वापरलेली. अशा वसुलीचा जाच इतका वाढला की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला वटहुकूम काढावा लागला. मदत करणारा शेजारी चौकशाही करतो: टीव्ही कधी घेतला, मटण कसं शिजतं, दारू पीत होता का.

पण याचं औषध मला लिहिलेल्या नियमातच दिसतं. जिथं काहीच लिहिलेलं नसतं तिथं चार मोठ्या तोंडांची मर्जी चालते. वहीत दोनच प्रश्न असावेत: काम बंद आहे काय, आणि किती आठवडे. दारूनं लिव्हर गेलं त्याला कशाला, असं बैठकीत विचारलंच गेलं. लावणीला पैरा करताना शेतकऱ्याचं चारित्र्य विचारतो आपण? त्याच्या पोरांना भाकर लागते ती चारित्र्य बघून लागत नाही.

पैसे खाण्याचा आक्षेप थोडक्यात संपवतो, कारण त्यातलं मला जरा कळतं. संस्था बुडालेल्या मी पाहिल्यात, ठेवीदार म्हातारे पायरीवर रडताना पाहिलेत. बुडतो तो साठलेला पैसा. म्हणून साठवायचाच नाही. महिन्याचं महिन्याला वाटायचं, शिल्लक शून्याजवळ ठेवायची, आणि हिशेब देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहायचा. फळ्यावरचा आकडा वाचायला ऑडिटर लागत नाही, आणि आमच्या गल्लीतल्या सासवा ऑडिटरपेक्षा कडक आहेत.

आकडा मी मांडून दिलाय. गल्लीत घरं ११८. महिन्याला पन्नास रुपये धरले तर ५९००. दोन घरांना अडीच-अडीच हजार, उरलेले ९०० रिक्षा आणि बससाठी. याच्यानं कुणाची किडनी बदलणार नाही. पण अडीच हजारात हप्ता निघतो, हप्ता निघाला की जामीनदाराला नोटीस जात नाही, आणि मेहुणा घरी येत राहतो. डॉल्बी बंद करा असं मी म्हटलेलं नाही, कानाला त्रास होतो तो वेगळा. मंडळाची पोरं घरोघरी फिरून वर्गणी आणू शकतात हे दर वर्षी सिद्ध होतं. तेच पाय महिन्यातून एकदा फिरवा, इतकंच. ज्यांना पन्नास जमत नाहीत त्यांनी वार घ्यावा. वाराची किंमत पन्नासपेक्षा जास्त, हे मी बुधवारवाल्या अक्काकडून शिकलोय.

भाडेकरू धरले तर घरं १४६ होतात आणि रक्कम ७३००. परवाच्या बैठकीत हात वर करून मत घेतलं: धरा म्हणणारे अकरा, नको म्हणणारे नऊ, आणि खजिनदार नेमका चहा सांगायला बाहेर. नऊजणांनी विषय मंगाईच्या जत्रेनंतर घ्यायला लावला. डायलिसिसचा पोरगा मागच्या चाळीतच राहतो, भाड्यानं. गल्लीत कुणाला धरायचं हे ठरेपर्यंत त्याचं डायलिसिस थांबणार नाही, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार अक्काच्या थोरल्या पोरानं आपल्या रिक्षावर घेतलेत. नवी वही मी घरी आणून आखून ठेवली आहे. त्या दोन वारांपुढं त्याचं नाव लिहिलंय, गुरुवारी वहिनी आहे, रविवारी मी. बिनमिठाचा डबा करायचा शनिवार अजून कोरा आहे.